शंकेला मोजमापाचं उत्तर



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, की गप्पा शेतीपाण्यावर येतातच. मृग कोरडा गेला. नंतर आला तो पाऊस एका रात्रीत सगळा पडून गेला. हरभऱ्याला थंडी हवी तेव्हा थंडी नाही, आणि गहू काढायला आला तर गारा. मग कुणीतरी म्हणतं, "हवामान बदललंय." लगेच दुसरी म्हणते, "काही बदललं नाही गं. बहात्तरचा दुष्काळ काय आत्ता पडला होता का?" घरी सासरे म्हणतात, ही सगळी टीव्हीवाल्यांची बोलणी. पारावर कुणी म्हणतं, गोऱ्या लोकांनी आपल्याला मागे ठेवायला काढलेलं हे खूळ आहे.

अशा वेळी आपण बहुतेक गप्प बसतो, नाहीतर "सरकारच सांगतंय ना" म्हणून विषय मिटवतो. दोन्ही वेळा शंका जागच्या जागी राहते, आणि तिच्याबरोबर कामही राहतं. पेरणीची घाई करायची की थांबायचं, गटाचं कर्ज कशासाठी उचलायचं, ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कुठलं काम मागायचं, हे सगळं शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन अडतं: हवामान खरंच बदलतंय का, आणि कशामुळे?

म्हणून आज आम्ही या ज्ञानाचा इतिहास सांगणार आहोत. त्यात एक गंमत आहे. आपल्या बैठकीत निघणाऱ्या बहुतेक शंका शास्त्रज्ञांनीही एकमेकांना विचारल्या होत्या. काही तर शंभर वर्षांपूर्वी. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी उठून मोजमाप केलं, तेव्हा उत्तर मिळालं.

काचेच्या दोन नळ्या

या गोष्टीच्या सुरुवातीला एक बाई आहे. तिचं नाव युनिस फूट. १८१९ साली अमेरिकेत जन्मली. १८४८ साली सेनेका फॉल्स या गावी बायकांच्या हक्कांसाठी मोठी सभा झाली. तिथल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत ती होती. तिला विज्ञानाची आवड होती, आणि प्रयोग करायला फार मोठी साधनं लागतात असं तिने मानलं नाही.

तिने काचेच्या दोन लांब नळ्या घेतल्या आणि प्रत्येकीत तापमापक बसवले. एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड. बोलताना आपण त्याला कर्बवायू म्हणू. लाकूड, कोळसा, डिझेल जाळलं की निघतो तो, आणि आपण श्वास सोडतो त्यातही असतो. नळ्या उन्हात ठेवल्या. साध्या हवेच्या नळीत पारा सुमारे ४१ अंशांपर्यंत चढला. कर्बवायूच्या नळीत तो सुमारे ५२ अंशांवर गेला, आणि सावलीत आणल्यावरही ती नळी निवायला कितीतरी जास्त वेळ लागला. त्यावरून तिने लिहिलं की पृथ्वीच्या हवेत हा वायू कधी जास्त झाला असेल तर पृथ्वी जास्त तापली असली पाहिजे. हे साल होतं १८५६. आपल्याकडे अजून अठराशे सत्तावनचं बंड व्हायचं होतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑल्बनी शहरात शास्त्रज्ञांची परिषद भरली. युनिसचा निबंध तिथे वाचला गेला, पण तो वाचला जोसेफ हेन्री या मोठ्या शास्त्रज्ञाने, तिने स्वतः नाही. पुढे निबंध छापूनही आला. मग तिचं नाव लोक विसरले, ते पार दीडशे वर्षं. अलीकडच्या काळात जुनी छापील पुस्तकं चाळताना ते पुन्हा सापडलं.

तिच्या प्रयोगात एक गोष्ट राहिली होती. वायू थेट उन्हाने तापतो की तापलेल्या वस्तूंमधून निघणाऱ्या उष्णतेने, हे त्या नळ्यांवरून कळत नव्हतं. ते १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी मोजलं. तापलेल्या तव्याला हात न लावताही लांबून ऊब जाणवते ना? तशी न दिसणारी ऊब जमीनही सोडत असते. टिंडल यांनी दाखवलं की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन ही ऊब सरळ जाऊ देतात, पण पाण्याची वाफ आणि कर्बवायू ती धरून ठेवतात.

हे आपल्याला नवं नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की कडाक्याची थंडी पडते आणि ढगाळ असलं की थंडी पळते, हे शेतावर राखणीला जाणारा प्रत्येकजण जाणतो. वरचं पांघरूण निघालं की जमिनीची ऊब उडून जाते. हवेत हे ऊब धरणारे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याच्याही खाली १८ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पांघरूण वाईट नाही, त्याच्या जिवावर आपण जगतो. प्रश्न आहे तो त्याच्या जाडीचा.

दुसरी गोधडी कशाला?

ही जाडी वाढली तर काय होईल, याचा हिशेब १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी मांडला. संगणक नव्हता. जवळजवळ वर्षभर ते हातानेच आकडेमोड करत होते. हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी ५ ते ६ अंशांनी तापेल, असं त्यांचं उत्तर आलं. आजचे शास्त्रज्ञ हाच आकडा ३ अंशांच्या आसपास सांगतात. अऱ्हेनियस यांना याची भीती वाटली नव्हती, हेही सांगायला हवं. थंड देशातला माणूस. थोडी ऊब वाढली तर बरंच, असं त्यांना वाटलं.

पण चारच वर्षांत त्यांच्याच देशातून शंका आली. क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी नळीत कर्बवायू भरून ऊब किती अडते ते पाहिलं. मग वायू कमी केला, तरी फारसा फरक पडेना. ते म्हणाले, जेवढी ऊब अडायची तेवढी आधीच अडते आहे. आता आणखी वायू आला तरी काय होणार? शंका बिनतोड वाटत होती. पुढची पन्नासेक वर्षं बऱ्याच जाणकारांनी तीच खरी मानली.

तिचं उत्तर आपल्या घरातच आहे. थंडीत एक गोधडी पांघरली तर अंगाची ऊब थेट बाहेर जात नाही. म्हणून दुसरी गोधडी निरुपयोगी ठरते का? नाही. दुसरी घातली की आणखी उबदार वाटतं. हवेचंही तसंच आहे. ती एका नळीसारखी नाही, एकावर एक थर आहेत. ऊब खालच्या थरातून वरच्या थरात, तिथून आणखी वर, अशी जाते आणि सगळ्यात वरच्या विरळ, थंड थरांतून बाहेर पडते. तिथे कर्बवायू वाढला की बाहेर जाण्याची वाट आणखी उंच जाते आणि खाली ऊब साठते. या थरांचा नीट हिशेब १९५६ साली गिल्बर्ट प्लास यांनी संगणक वापरून मांडला, आणि ऑंगस्ट्रॉम यांची शंका मिटली.

"हवेत हा वायू असतोच कितीसा?" असंही लोक विचारतात. खरंच थोडा असतो, दहा लाख भागांत चारशेवर काही. पण फवारणीच्या १५ लिटरच्या पंपात आपण औषध झाकणभरच टाकतो. थोडं आहे म्हणून त्याचा परिणाम होत नाही, असं कुणी शेतकरी म्हणेल का?

मोजणारी माणसं

१९३८ साली इंग्लंडमध्ये गाय कॅलेंडर नावाच्या एका इंजिनिअरने जगभरच्या हवामान केंद्रांचे जुने तापमानाचे आकडे गोळा केले. त्यांचा धंदा वाफेच्या यंत्रांचा, हवामान हा हौसेचा विषय. त्यांनी दाखवलं की गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वी थोडी तापली आहे आणि त्याच काळात माणसाने कोळसा जाळून हवेत प्रचंड कर्बवायू सोडला आहे. ऐकायला बसलेल्या हवामानतज्ज्ञांना ते पटलं नाही. सर जॉर्ज सिम्पसन हे त्यांतले ज्येष्ठ. ते पूर्वी आपल्या भारतीय हवामान खात्यात सिमल्याला होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाढल्या हा निव्वळ योगायोग असावा, असं ते म्हणाले. आणखी एक समज होता: जास्तीचा कर्बवायू समुद्र गिळून टाकेल.

या दोन्ही शंकांना वादाने उत्तर मिळणार नव्हतं. हवेतला कर्बवायू खरोखर वाढतोय का, हे कुणीतरी एका जागी बसून वर्षानुवर्षं मोजायला हवं होतं. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळलं गेलं. अनेक देशांनी मिळून पृथ्वीची मोजणी करायची, असं ठरलं. त्याच निमित्ताने चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर, समुद्रापासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, यंत्र बसवलं. गावगाड्याचा धूर तिथे पोहोचत नाही.

तेव्हा दहा लाख भाग हवेत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. दर वर्षी झाडांना पालवी फुटली की आकडा खाली जातो, पानगळीनंतर वर चढतो, असं त्यांना दिसलं. जणू पृथ्वीचा श्वास चालू आहे. पण प्रत्येक वर्षीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा वर. १९६४ साली पैशांअभावी मोजणी काही काळ बंद पडली, पुन्हा सुरू झाली. २०२४ साली आकडा ४२४ च्या आसपास होता. कारखाने सुरू होण्याआधीच्या काळात तो २८० होता. समुद्र आणि झाडं मिळून आपला निम्माशिम्मा कर्बवायू घेतात, हे खरं. उरलेला हवेतच राहतो.

याच भूभौतिक वर्षासाठी आपल्या देशातही एक बाई काम करत होत्या, आणि त्या पुण्यात होत्या. अण्णा मणी त्यांचं नाव. जन्म १९१८ चा, केरळचा. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून त्यांना पीएच.डी. मिळाली नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. तेव्हा पाऊस, वारा, ऊन मोजायची कितीतरी यंत्रं परदेशातून यायची. अण्णा मणी यांनी जवळजवळ शंभर यंत्रांचे आराखडे पक्के करून ती इथेच बनवायची सोय केली. भूभौतिक वर्षासाठी भारतभर सूर्याचं ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्या म्हणत. रोजच्या बातमीत आपण पावसाचा जो आकडा ऐकतो, त्याच्यामागे त्यांच्यासारख्यांचे कष्ट आहेत.

हा कर्बवायू कुणाचा, आणि ऊन कुणाचं?

कर्बवायू वाढला हे पटलं, तरी पुढची शंका राहतेच. तो माणसाचाच कशावरून? ज्वालामुखी नाहीत का?

झाडात, माणसात, शेणात एक खास प्रकारचा कार्बन अगदी थोडा असतो, आणि तो काळानुसार झिजत जातो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून असल्यामुळे त्यांत तो मुळीच उरलेला नसतो. हान्स झ्यूस या शास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं की अलीकडच्या झाडांच्या खोडातल्या वर्तुळांत हा खास कार्बन कमी कमी होत गेला आहे. म्हणजे हवेत जुना, जमिनीतून उकरलेला कार्बन मिसळतो आहे. चोराच्या पावलांचे ठसेच मिळाल्यासारखं झालं. ज्वालामुखींचंही मोजलं आहे. वर्षभरात त्यांतून निघणारा कर्बवायू माणसाच्या कर्बवायूच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो.

"सूर्यच जास्त तापला असेल." हीही रास्त शंका. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं ऊन मोजत आहेत. ते थोडं कमीजास्त होत राहतं, पण चढत गेलेलं नाही. शिवाय सूर्य तापला असता तर हवा वरपासून खालपर्यंत सगळीच तापली असती. प्रत्यक्षात खालची हवा तापली आणि फार उंचावरची हवा थंड झाली. जपानमध्ये जन्मलेले स्युकुरो मानाबे यांनी १९६७ सालीच हिशेबाने सांगितलं होतं की कर्बवायू वाढला तर असंच होईल. २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं.

आणि आपल्या बैठकीतली ती पहिली शंका: हवामान तर आधीपासून बदलतंच आहे. बरोबर आहे. दुष्काळ पडले, हिमयुगंही येऊन गेली. अंटार्क्टिकाच्या खोल बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. ते तपासून आठ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. त्या आठ लाख वर्षांत कर्बवायू ३०० च्या वर कधी गेला नव्हता. आधीचे मोठे बदल पृथ्वीच्या फिरण्यातल्या फरकाने सुरू झाले आणि त्यांना हजारो वर्षं लागली. आत्ताचा बदल पणजोबांच्या वेळेपासून नातवापर्यंतच्या काळातला आहे. घर पूर्वी विजेने जळालं होतं, म्हणून आज कुणी काडी ओढूच शकत नाही, असं म्हणता येत नाही.

विकाऊ शंका

आतापर्यंतच्या सगळ्या शंका प्रामाणिक होत्या. ऑंगस्ट्रॉम, सिम्पसन यांना खरं काय ते जाणून घ्यायचं होतं. पण याच इतिहासात दुसऱ्या जातीची शंकाही आहे.

मशेरी आणि तंबाखू आपल्याला परकी नाही, म्हणून तिथून सांगतो. १९५० च्या सुमाराला सिगारेटने कॅन्सर होतो याचे पुरावे पुढे आले. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात जमले. पुढच्याच महिन्यात शेकडो वर्तमानपत्रांत त्यांची जाहिरात झळकली. अजून काही सिद्ध झालेलं नाही, अभ्यास चालू आहे, असा तिचा सूर होता. पुढे एका कंपनीचा १९६९ सालचा अंतर्गत कागद उघड झाला. आपण जो माल तयार करतो तो म्हणजे शंका, असं त्यात सरळ लिहिलेलं होतं. लोकांनी सिगारेटवर विश्वास ठेवावा याची गरजच नव्हती. डॉक्टरांवर पूर्ण विश्वास बसू नये, एवढं पुरे होतं.

हाच मार्ग पुढे तेल-कोळशाच्या धंद्याने धरला. एक्झॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि ८० च्या दशकांत पृथ्वी किती तापेल याचे अंदाज काढले होते. २०२३ साली ते अंदाज तपासले, तर बहुतेक बरोबर निघाले. कंपनी मात्र बाहेर सांगत राहिली की यात अजून फार अनिश्चितता आहे. जून १९८८ मध्ये जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकेच्या संसदेपुढे तापमानवाढ सुरू झाल्याची साक्ष दिली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी ही जगभरच्या शास्त्रज्ञांची समिती झाली. आणि पुढच्याच वर्षी तेल, कोळसा, मोटारींच्या कंपन्यांनी मिळून एक संघटना काढली. काही सिद्ध झालेलं नाही, हे सांगणं हेच तिचं काम. १९९५ साली तिच्याच तज्ज्ञांनी आतल्या आत लिहून दिलं होतं की या विज्ञानाचा पाया नाकारता येत नाही. ते लोकांपर्यंत आलं नाही.

मग प्रामाणिक शंका आणि विकाऊ शंका ओळखायची कशी? प्रामाणिक माणूस उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारतो. विकाऊ शंका उत्तर मिळालं तरी तोच प्रश्न पुन्हा विचारते.

रिचर्ड म्युलर नावाचे अमेरिकी प्राध्यापक होते. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. २०१० साली त्यांनी स्वतःचा गट करून सगळे आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले. त्यासाठी आलेल्या पैशांतला काही तेलाच्या धंद्यातल्या कुटुंबाच्या संस्थेचाही होता. २०१२ साली म्युलर यांनी जाहीर केलं की पृथ्वी तापते आहे आणि कारण जवळजवळ सगळं माणूसच आहे. शंका घेणारा असा असेल तर त्याला आपल्या बैठकीत पाट मांडून बसवावा.

शास्त्रज्ञ चुकतात तेव्हा

"शास्त्रज्ञ काय, ते पण चुकतात." हो, चुकतात, आणि त्यातली एक मोठी चूक आपल्या हिमालयाबद्दलची होती. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात एके ठिकाणी लिहिलं गेलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील. आपल्या देशातल्या जाणकारांना ते पटलं नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातून निवृत्त झालेले विजयकुमार रैना यांनी २००९ साली पर्यावरण मंत्रालयासाठी निबंध लिहिला. हिमनद्या इतक्या झपाट्याने वितळत असल्याचं दिसत नाही, असं त्यांनी मांडलं. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने ते वाक्य चुकीचं असल्याचं मान्य केलं. कच्च्या माहितीवर ते लिहिलं गेलं होतं.

म्हणून हिमनद्या वितळतच नाहीत असं ठरलं का? तसं नाही. २०१९ साली हिंदुकुश-हिमालय भागाचा मोठा अभ्यास झाला. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथला एक तृतीयांश बर्फ जाईल, असं त्यात सांगितलं आहे. गटाच्या वहीत एका पानावर बेरीज चुकली, तर आपण ती बेरीज सुधारतो, कर्जदारांची सगळी कर्जं माफ करत नाही.

आपल्या शिवारात

आता आपल्याकडचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली देशाचा अहवाल तयार केला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस एकूण सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पण मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पाऊस कमी आणि मुसळधार जास्त, या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात, पण तापलेली हवा जास्त वाफ धरते आणि धरलेली एकदम सोडते.

बहात्तरच्या दुष्काळाला आपण नाकारायचं कारण नाही. त्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या बाया अजून आपल्या गावात आहेत. त्यांना मान देऊन सांगावं, "आजी, तेव्हा दुष्काळ पडला ते खरंच. आता प्रश्न असा आहे की पाऊस मोठे खंड देऊन, मग एकदम कोसळू लागला, तर आपली माती आणि आपली विहीर त्याला तयार आहे का?" अशा आजी शंकेखोर नसतात. त्यांच्याजवळ साठ वर्षांच्या आठवणी असतात.

आणि आपणही जपून बोललं पाहिजे. सगळंच हवामान बदलाच्या माथी मारू नये. दहा बोअर शेजारी शेजारी पाडल्या आणि उसाला मोकाट पाणी दिलं, तर विहीर आटणारच. तो दोष आपला आहे. गावातला ओढा बुजवून प्लॉट पाडले, तर पुराचं पाणी घरात येणारच. हवामान बदलाचं नाव घेऊन कुणी जबाबदारी झटकत असेल, तर ग्रामसभेत तेही विचारायला हवं.

"हे सगळं श्रीमंत देशांनी केलं, आपण कशाला भोगायचं?" या रागातही तथ्य आहे. भारतात माणसामागे निघणारा कर्बवायू जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. न्याय मागायलाच हवा. पण न्याय मिळेपर्यंत पाऊस थांबत नाही, म्हणून तयारी आपली आपल्याला करावी लागते.

शेवटी एक काम सांगतो. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा एक डबा घ्या. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, पडणार नाही असा बसवा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा आणि डबा रिकामा करा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. गटाच्या वहीतल्या मागच्या पानावर तारीख, नक्षत्र, पाऊस आणि त्या दिवशी शेतात काय चाललं होतं, एवढं लिहा. मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस आणि आपल्या शिवारातला पाऊस यांत किती फरक आहे, हे वर्षभरात आपल्याच अक्षरात दिसेल. पीक विम्याबद्दल बोलतानाही ती वही हातात असलेली बरी.

एका वर्षाच्या नोंदीवरून हवामान बदललं की नाही हे ठरत नाही. शास्त्रज्ञ त्यासाठी निदान ३० वर्षांचे आकडे धरतात. एका महिन्याची बचत चुकली म्हणून कुठलाही गट बुडीत धरत नाहीत, तसंच एका थंड हिवाळ्याने किंवा एका गारपिटीने निकाल लागत नाही. पण तीस वर्षांच्या वहीलाही पहिलं पान लागतं.

पुढच्या बैठकीत कुणी म्हणालं, "काही बदललं नाही," तर तिला गप्प करू नका. काय मोजलं तर तुला पटेल, असं विचारा. ती जे सांगेल ते वहीत लिहा, आणि मोजायचं काम तिलाच द्या. आणि उत्तर सापडलं नाही असा प्रश्न राहिला, तर तो रेडिओ केंद्राकडे पाठवा. पावसाळ्याआधीच्या एका भागात आपण तुमचेच प्रश्न घेऊन बसू.

नमस्कार.